मोजपट्टी कोणाची?

7 सप्टेंबर 1968 च्या रात्री अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत दोन सौंदर्यस्पर्धा झाल्या. कन्व्हेन्शन हॉलमध्ये नेहमीची ‘मिस अमेरिका’, आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळच्याच रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली ‘मिस ब्लॅक अमेरिका’. ही दुसरी स्पर्धा फिलाडेल्फियाचे व्यावसायिक जे. मॉरिस अँडरसन यांनी भरवली होती. त्यांच्या मुलींना मिस अमेरिका व्हायचं होतं आणि त्या मंचावर तोवर एकही कृष्णवर्णीय स्पर्धक उभी राहिली नव्हती. मुकुट मिळाला सॉन्ड्रा विल्यम्स या महाविद्यालयीन विद्यार्थिनीला. तिने आफ्रिकी नृत्य सादर केलं. केस सरळ करून न घेता, जसे उगवतात तसेच ठेवून ती मंचावर आली. ज्या समाजातल्या मुलींचे केस लहानपणापासून तापलेल्या कंगव्याने सरळ केले जात, तिथे परीक्षकांनी त्या केसांसकट तिला सुंदर ठरवणं ही फार मोठी गोष्ट होती.

वर्णभेदाशी लढणाऱ्यांनीच वर्णावर बेतलेली वेगळी चूल का मांडावी, हा आक्षेप तेव्हाही होता. त्याचं उत्तर मिस अमेरिकेच्या इतिहासातच आहे. 1930 च्या दशकात या स्पर्धेचा सातवा नियम सांगत असे की, स्पर्धक निरोगी आणि गोऱ्या वंशाची असावी. पन्नासच्या दशकात तो नियम कागदावर उरला नव्हता. तरीही राष्ट्रीय मंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक, आयोवाची शेरिल ब्राउन, पोहोचली ती 1970 साली. नियम गेला, पण गावोगावच्या आणि राज्यांच्या फेऱ्यांत मुली निवडणारी नजर तीच राहिली. दार उघडं ठेवून मोजपट्टी जुनीच वापरली, तर आत येणारेही जुनेच असतात. वेगळ्या स्पर्धेने हात घातला तो मोजपट्टीला.

अर्थात केवळ वेगळेपणाने हे साधत नाही. 1925 साली कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी झालेली ‘गोल्डन ब्राउन’ स्पर्धा त्वचा उजळवण्याची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीनेच भरवली होती. तिथे स्पर्धक कृष्णवर्णीय होत्या, पण आदर्श गोराच होता. स्त्रीवाद्यांचा आक्षेप याहून खोल जातो. 1968 च्या त्याच दिवशी अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी त्यांनी मिस अमेरिकेविरुद्ध निदर्शनं केली. बाईला मंचावर उभी करून तिच्या देहाला गुण देणं अपमानास्पदच, मग मंच कोणाचाही असो, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र त्यांच्या दहा मुद्द्यांच्या पत्रकात स्पर्धेतला वंशवाद हाही एक मुद्दा होता. आपल्याला त्या मापात धरलंच जात नाही ही जखम आणि मापणंच चुकीचं ही जाणीव, दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकीचं उत्तर दुसरीने मिळत नाही.

आता तरी अशा वेगळ्या स्पर्धांची गरज संपली का? 1983 मध्ये व्हेनेसा विल्यम्स पहिली कृष्णवर्णीय मिस अमेरिका झाली, तेव्हा तिला धमक्या आल्या आणि काहींना ती पुरेशी कृष्णवर्णीयही वाटली नाही. 2019 च्या डिसेंबरात मात्र मिस अमेरिका, मिस यूएसए, मिस टीन यूएसए, मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्स हे पाचही मुकुट कृष्णवर्णीय स्त्रियांकडे होते. मिस युनिव्हर्स झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या झोझिबिनी टुन्झीचे आखूड केस नैसर्गिकच होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाला मात्र वेगळा कायदा करावा लागला: वंशाशी जोडलेल्या केसांच्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत कुणाशी भेदभाव करता येणार नाही.