'तीरन' बघाच, विशेषतः हुबळी-धारवाडकरांनी!

पोलिसांचा खरा तपास कसा चालतो, हे पाहायचं असेल तर एच. विनोथचा २०१७चा तमिळ चित्रपट 'तीरन अधिगारम ओंड्रु' चुकवू नका. कार्ती यात पोलीस अधिकारी आहे. चित्रपटाचा आधार खरा: महामार्गालगतची घरं रात्री फोडून माणसं मारणारी उत्तरेकडची टोळी आणि तमिळनाडू पोलिसांनी एस. आर. जांगीड यांच्या नेतृत्वाखाली घेतलेला तिचा शोध. जानेवारी २००५मध्ये या टोळीच्या हातून आमदार सुदर्शनम यांचा खून झाला आणि तपासाला वेग आला.

मला सर्वांत आवडतो तो बोटांच्या ठशांचा भाग. राज्याराज्यांतल्या नोंदींशी एकेक ठसा ताडून पाहणं, पुन्हा निराशा, पुन्हा नवं राज्य. हाणामारीपेक्षा हेच जास्त थरारक वाटतं!

आपलं हुबळी-धारवाडही पुणे-बेंगळुरू महामार्गावरच, त्यामुळे रस्त्याकडेच्या एकट्या घराची भीती आपल्याला लगेच कळते.

एक गोष्ट मात्र खटकते. चित्रपट टोळीचा दोष ती ज्या जमातीतली, त्या अख्ख्या जमातीच्या माथी मारतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केलं होतं. मुंबई इलाख्यात असताना हुबळीतही अशा जमातींना सक्तीने ठेवण्यासाठी सेटलमेंट, म्हणजे वसाहत होती. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, तरी या जमातींवरचा संशय अजून मिटलेला नाही.