लाल दिवा विझला तर

पुण्याजवळच्या नांद्याहून हिंजवडी ओलांडून देहूरोडला पोहोचलं की मुंबई-पुणे लोहमार्ग लागतो. 14 जून 1858 रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तो हा मार्ग. इथल्या लोकल, मालगाड्या आणि एक्स्प्रेस सिग्नलच्या भरवशावर धावतात. रेल्वेच्या सिग्नलमध्ये बल्बच्या जागी एलईडी आणणं वाटतं तितकं सोपं काम नव्हतं.

जुना सिग्नल बल्ब 12 व्होल्ट, 24 वॉटचा, म्हणजे 2 अँपिअर ओढणारा. बहुतेक वीज उष्णतेत जायची आणि उरलेल्या पिवळट उजेडातला बराचसा भाग रंगीत काच अडवायची. एलईडी मुळातच रंगीत. लाल एलईडी 1962 पासून आहे. झगझगीत हिरवा मात्र गॅलियम नायट्राइडवरच्या संशोधनातून 1990च्या दशकात हाती आला. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, हिरव्याला जवळपास 3. त्यामुळे एका साखळीत किती बसवायचे, हे रंगागणिक बदलतं. एकाची जोडणी तुटली की अख्खी साखळी विझते. म्हणून साखळ्या एकमेकींत मिसळून पसरायच्या; एखादी गेली तर एलईडींच्या चकतीत भोक पडत नाही, उजेड जरासा उतरतो.

खरा पेच पुढे आहे. बल्बचा प्रवाह एका रिलेतून, म्हणजे प्रवाहाने उचलल्या जाणाऱ्या विजेच्या कळीतून, जातो. बल्बमधली तार तुटली की रिले पडतो, आणि लाल दिवा विझला असेल तर मागचा सिग्नल लाल होतो. एलईडीला बल्बच्या मानाने फारच कमी प्रवाह पुरतो; जुना रिले तेवढ्यावर उचललाच जात नाही. शिवाय निम्मे एलईडी मेले तरी बाकीचे प्रवाह घेतच राहतात. म्हणून या दिव्याला साजेसा रिले लागला, आणि ठरावीक प्रमाणाबाहेर एलईडी गेले की उरलेलेही बंद करणारी योजना आली. मिणमिणत्या दिव्याने रिलेला फसवण्यापेक्षा तो पुरता विझलेला बरा! या साऱ्या रचनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

विजेच्या इंजिनांच्या मार्गावर लांब केबलमध्ये आगंतुक विद्युतदाब शिरतो. बल्ब त्याला दाद देत नसे, एलईडी मात्र मंद पेटू शकतो. म्हणून ठरलेल्या व्होल्टेजखाली तो पेटूच नये अशी सोय करावी लागते.

एक जुनं दुखणं मात्र आपसूक कमी झालं. कलतं ऊन समोरून आत शिरून मागच्या परावर्तकावरून उलटलं की न पेटलेला रंगही पेटल्यासारखा दिसे. एलईडीच्या चकतीमागे परावर्तकाची गरजच नसते.