इलाजाचा भाव ठरवायचा कोणी?

कापड घेणारा गिऱ्हाईक थान उलगडून पाहतो, चार दुकाने फिरतो, भाव पटला तरच कापड फाडू देतो. रुग्णालयाच्या दारात ही सोय नाही. कोणती तपासणी हवी, किती दिवस ठेवायचे, हे विकणाराच ठरवतो आणि नातेवाइकाला घासाघीस करायला उसंत नसते. म्हणून स्पर्धा वाढली की भाव उतरतो, हा बाजाराचा हिसाब इलाजाला लागू पडत नाही.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात कामगाराला निदान आधार आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचा राज्य विमा भरला जातो. त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. चिंचवडला मोहननगरात त्यांचे रुग्णालय आहे. पण स्वतःचे दुकान चालवणारा शिंपी, वेल्डर, गॅरेजवाला किंवा चाकणला सुटे भाग पुरवणारा छोटा वर्कशॉपवाला या विम्यात बसत नाही. एका आजारपणात त्याचे सारे भांडवल उडते.

सरकारने मनावर घेतले तर खासगी इलाजालाही लगाम बसतो. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या खाटेला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. काही औषधे व तपासण्या त्याबाहेर होत्या, पण भाव आधी कळला, हे काय थोडे झाले?

तो हुकूम तात्पुरता होता. कायमचे हक्क मात्र आहेत, ते व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावेत. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली. दाखल होतानाच तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावलेच पाहिजे. दिसले नाही तर मागावे.

राहता राहिले संत तुकारामनगरचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. ते केवळ गरिबांची सोय नव्हे. सरकारी दुकान उघडे आणि धड चालू असेल तरच शेजारच्या दुकानदाराला भाव वाढवताना विचार करावा लागतो. महापालिकेला कर आपण सारेच भरतो. तेथे डॉक्टर, औषधे, यंत्रे पुरेशी आहेत की नाहीत, हे विचारणे आपल्या धंद्याच्याच हिताचे आहे.