पाठीवरचे बिऱ्हाड आणि प्रकृती

विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन महिनोन् महिने परदेशात हिंडणारी मुले-मुली आता आपल्या तालुक्याच्या गावांतूनही निघू लागली आहेत. निघण्याआधी ती दवाखान्यात येतात आणि प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, औषधे कोणती नेऊ?" २०२३ साली दवाखाना सहकाऱ्याकडे सोपवून मी स्वतः आठ महिने असा प्रवास केला. आधी नेपाळ, मग थायलंड, शेवटी पेरू आणि बोलिव्हिया. त्या अनुभवावरून सांगतो, औषधांची पिशवी लहान असली तरी चालते; थांबण्याची, प्रसंगी मागे फिरण्याची तयारी मात्र मोठी हवी.

सर्वांत जास्त गैरसमज उंचीविषयी आहेत. समुद्रसपाटीपासून साधारण २५०० मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की प्रत्येक श्वासागणिक शरीराला प्राणवायू कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात, तास नव्हे. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवरचे मनांग हे गाव ३५०० मीटरच्या पुढे आहे आणि पुढची थोरांग खिंड ५४१६ मीटरवर. खिंडीत प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. पूर्वी पायथ्यापासून मनांगपर्यंत चालत जायला आठवडा लागे, त्यामुळे शरीराला आपोआप सवय होई. आता जीप मनांगपर्यंत जाते. पाय वाचतात, पण सवय होण्याचे दिवसही जातात.

थोरांग फेदी या खिंडीखालच्या मुक्कामावर महाराष्ट्रातलेच चार तरुण भेटले. जीपने मनांगला आले होते आणि दुसऱ्याच दिवशी हजार मीटर चढून फेदीला पोचले होते. त्यांतल्या एकाचे रात्रभर डोके दुखत होते, दोनदा उलटी झाली. सकाळी मित्र म्हणाले, "थकलाय, चहा घेतला की बरा होईल." मी त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. चौथ्या पावलाला तो भिंतीवर गेला. पोटऱ्यांत गोळे आणणारा थकवा वेगळा आणि हा तोल जाणे वेगळे. हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण होय. परतीचे तिकीट, ठरलेला कार्यक्रम, खिंड अवघी काही तासांवर, अशी बरीच वादावादी झाली. शेवटी घोड्यावर बसवून त्याला मनांगला खाली आणले. संध्याकाळी तो जेवायला बसला होता. त्याच अवस्थेत वर नेला असता तर काय झाले असते, हे त्याच्या घरच्यांना न सांगितलेलेच बरे.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा. डोके दुखत असताना वर चढू नये. तोल जाणे, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येणे, ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी खाली उतरावे. अॅसिटॅझोलामाइडच्या गोळीने सवय लवकर होते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि गोळी घेतली म्हणून धावत सुटू नये. तरुण, व्यायाम करणारी मुले यातून सुटतात असेही नाही. उलट तीच पुढे पळतात. बोलिव्हियात ला पाझच्या विमानतळावर उतरले की आपण एकदम ४००० मीटरवर असतो. तेथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात. त्याच्या भरवशावर चढू नये, आणि ती पाने सामानात घालून तर मुळीच आणू नयेत. इतरत्र तो गुन्हा ठरतो. विमानाने लेहला जाणाऱ्यांनी आणि हेलिकॉप्टरने केदारनाथला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही उंचीचा हा हिशेब ध्यानात ठेवावा.

दुसरा विषय पोटाचा. "आपण इथले पाणी पिऊन वाढलो, आपल्याला काय होणार?" असे पुष्कळजण म्हणतात. पण प्रत्येक मुलखाचे जंतू निराळे असतात. पाणी उकळलेले, अन्न समोर शिजलेले आणि वाफाळते असावे. बर्फ आणि चिरून ठेवलेली फळे टाळावीत. जुलाब लागलेच तर पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी : एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच क्षार-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. जुलाबात रक्त किंवा सोबत ताप असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टर गाठावा.

औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, मूळ औषधाचे नाव हवे. आपली क्रोसिन लिमातल्या दुकानदाराला कळणार नाही, पॅरासिटामॉल कळेल. दक्षिण अमेरिकेतील किंवा आफ्रिकेतील पीतज्वराच्या देशांतून परतणाऱ्याकडे त्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला वेगळे ठेवले जाऊ शकते. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. कुत्रे किंवा माकड चावल्यास साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. सहल अर्धी राहिली तरी चालेल.

मनाचेही सांगायला हवे, कारण ते कोणी विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे काही बघण्याची इच्छाच उरत नाही, झोप तुटक होते, विनाकारण रडू येते. माझ्या सोबतच्या कितीजणांत हे पाहिले. अशा वेळी नवे गाव गाठू नये. एकाच गावात आठवडाभर राहावे, रोज त्याच खानावळीत जेवावे, घरी फोन करावा. तरीही मन उभारी धरत नसेल तर परत यावे.

आणि परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे की आपण कोठे कोठे राहून आलो. मलेरियाचे जंतू शरीरात महिनोन् महिने दबून राहू शकतात, आणि आपल्या जिल्ह्यातला डॉक्टर पेरूच्या जंगलातला डास आपणहून आठवणार नाही.