आपली आवड कोणती?

श्रावण सुरू झाला, की पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांत दरवर्षी एक प्रसंग घडताना दिसतो. गणपती ठरवण्यासाठी एखादे कुटुंब आलेले असते. समोर फळ्यांवर ओळीने शे-दीडशे मूर्ती मांडलेल्या. बऱ्याचशा एकाच साच्यातून निघालेल्या. कर्ता पुरुष किंमत विचारतो, मुले उंदराकडे पाहतात. घरातील वडीलधारी बाई मात्र काही न बोलता ओळीवरून नजर फिरवत जाते आणि एका मूर्तीपाशी थांबते. हाच का, असे विचारले तर तिला कारण सांगता येत नाही. साचा तोच, रंग तेच. फरक असतो तो डोळ्यांच्या आखणीत, कुंचल्याच्या एखाद्या किंचित वळणात. नावाची चिठ्ठी मूर्तीला लागते आणि निवड संपते. सगळेच गणपती सारखे, कोणताही द्या, असे म्हणणारा भाविक पेणेत सहसा भेटत नाही.

याच पेणेत १ नोव्हेंबर १९२६ रोजी संगीतकार यशवंत देव यांचा जन्म झाला. १ नोव्हेंबर २०२६ या दिवशी त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दी म्हटली की कार्यक्रम आले, कार्यक्रम म्हटले की गाण्यांची यादी आली आणि यादी करावयाची म्हणजे निवड आली. देवांच्या चालींवर वाढलेल्या रसिकाला त्यांचे सर्वांत आवडते गाणे कोणते असे विचारले, तर तो त्या बाईइतक्या सहजतेने चिठ्ठी लावू शकेल काय?

हा प्रश्न केवळ मराठी रसिकालाच पडतो असे नाही. ‘बीटल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे चाहते १९६६ सालची ‘रिव्हॉल्व्हर’ ही ध्वनिमुद्रिका श्रेष्ठ की १९६७ सालची ‘सार्जंट पेपर’, यावर आजही हिरिरीने भांडतात. तेथे वाद एकेका गाण्याचा नसून सबंध तबकडीचा असतो. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढे दहाबारा गाण्यांची एक अखंड कलाकृती रचण्याची रीत तिकडे पडली. मराठी भावगीत मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर आणि त्याहून अधिक आकाशवाणीच्या लहरींवर वाढले. ते एकेकटे आले, एकेकटे ऐकले गेले आणि एकेकटेच लक्षात राहिले. कॅसेटच्या काळात ती गाणी एका डबीत एकत्र भरली गेली खरी, पण ती मोट होती. म्हणून मराठी भक्ताची परीक्षा अधिक कठीण म्हणावी लागते. बीटल्सच्या चाहत्याला बारा-तेरा तबकड्यांतून एक उचलावयाची असते. याला शेकडो गाण्यांतून.

बी.बी.सी.वर १९४२ पासून चालत आलेल्या एका कार्यक्रमात पाहुण्याला निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडावयास सांगतात. पाहुणे आठ निवडतात. त्यांत बालपण येते, प्रेम येते, थोडासा दिखाऊपणाही येतो. परंतु खरी कसोटी शेवटी लागते. लाटा आल्या आणि आठांपैकी एकच वाचवता येणार असेल, तर कोणती? भलेभले तेथे अडखळतात.

किनारपट्टीवरल्या रसिकाला लाटांची उपमा परकी वाटू नये. मध्यम लहरींचे ध्वनिक्षेपण खाऱ्या पाण्यावरून विशेष चांगले पसरते. मुंबई केंद्राचा आवाज खाडी ओलांडून रेवस, अलिबाग, मुरुडकडे येई, तो पाण्याच्या साक्षीनेच. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने शनिवारी गावी येणाऱ्या कारकुनाला मुंबईत जे गाणे चाळीच्या गॅलरीत कानी पडले, तेच गावी सुपारीच्या वाडीत ऐकू येई. या भागातील शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा मध्यमवर्गाची अभिरुची घडवण्यात त्या रेडिओचा वाटा मोठा आहे आणि त्या रेडिओवर देवांचा वाटाही लहान नाही. सतारवादक म्हणून ते आकाशवाणीत शिरले आणि पुढे तेथेच संगीतकार व नियोजक म्हणून नावारूपास आले.

देवांच्या भक्ताला आवडते गाणे विचारल्यावर पुष्कळदा एक गंमत घडते. तो उत्साहाने ‘शुक्रतारा’ म्हणतो. शब्द मंगेश पाडगावकरांचे, आवाज अरुण दाते यांचा, तेव्हा चाल देवांचीच असणार असे तो धरून चालतो. चाल श्रीनिवास खळे यांची. ही चूक क्षम्य आहे, कारण पाडगावकर, देव आणि दाते या तिघांची नावे श्रोत्यांच्या मनात एका माळेत ओवली गेली आहेत. ‘या जन्मावर’, ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘दिवस तुझे हे फुलायचे’ ही गाणी या तिघांची. एक वेंगुर्ल्याचा कवी, एक पेणचा संगीतकार आणि एक इंदूरहून आलेला वस्त्रोद्योगातला अभियंता. मराठी माणसाचा आवडता ‘बँड’ कोणता असे कोणी विचारले, तर या तिघांकडे बोट दाखवण्यास हरकत नसावी, जरी त्यांनी स्वतःला तसे कधी म्हणवून घेतले नसते.

चूक लक्षात आणून दिल्यावर भक्त सावरतो आणि मग दोन ठरावीक उत्तरांपैकी एक देतो. पहिले उत्तर, ‘सगळीच आवडतात.’ दुसरे, ‘या जन्मावर’. पहिल्यात नम्रता दिसते, परंतु पुष्कळदा ती आळसाची सभ्य पोशाखातली आवृत्ती असते. ज्याला ‘भातुकली’ आणि ‘दिवस तुझे हे फुलायचे’ सारखीच आवडतात, त्याने दोन्ही नीट ऐकलेली नसण्याचा संभव अधिक. एकात बहराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तारुण्याचे कौतुक आहे. दुसऱ्यात मुलांच्या खेळाच्या मिषाने राजा-राणीच्या ताटातुटीची गोष्ट सांगितली आहे. तेथे चाल रडत नाही. समंजस आवाजात गोष्ट सांगत जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुःख हळूहळू साचू देते. दुसऱ्या कोणा संगीतकाराने या शब्दांवर करुणरसाची धार धरली असती. देवांनी धरली नाही. हे ज्याला जाणवले त्याचे मन आपोआप एका बाजूला कलते. कलणे म्हणजेच निवडणे.

येथे देवांचा स्वतःचा सिद्धान्त आडवा येतो. ‘शब्दप्रधान गायकी’ हे त्यांच्या पुस्तकाचे नाव आणि त्यांच्या संगीतविचाराचे सूत्रही. या विषयावर त्यांनी कार्यशाळा घेतल्या, गाणाऱ्यांच्या पिढ्या तयार केल्या. भावगीतात शब्द राजा आणि स्वर त्याचा सेवक. गायकाने आपले कौशल्य मिरवावयाचे नसून कवीचा आशय पोचवावयाचा, हे त्याचे सार. हिंदी चित्रपटात चाल आधी बांधून तीवर शब्द बसवण्याचा प्रघात मोठा होता. तो साच्याचा मार्ग झाला. देवांना साचा मान्य नव्हता. प्रत्येक कवितेला तिची स्वतःची चाल असते आणि ती कवितेच्याच पोटातून शोधून काढावी लागते, ही त्यांची धारणा.

ही धारणा मानली तर निवडीचा प्रश्नच अवघड होऊन बसतो. एका साच्यातून निघालेल्या मूर्तींत डोळ्यांच्या आखणीवरून डावे-उजवे करता येते. ज्यांना साचाच नाही, त्या मूर्ती कोणत्या मापाने मोजावयाच्या? सुधीर फडके यांनी गायिलेली देवांची दोन गाणी शेजारी ठेवून पाहावीत. ‘तुझे गीत गाण्यासाठी’ ही सुरांची भीक मागणारी प्रार्थना. ‘कुठे शोधिसी रामेश्वर’ ही देव तीर्थात शोधणाऱ्याला जाब विचारणारी रचना. कवी तोच, गायक तोच, संगीतकार तोच. तरीही एक हात जोडते आणि दुसरे प्रश्न करते. यांत श्रेष्ठ कोणते, हे ठरवणे म्हणजे प्रार्थना श्रेष्ठ की प्रश्न, हे ठरवणे होय. त्याचे उत्तर संगीतात नाही, ऐकणाऱ्याच्या आयुष्यात आहे. विशीतला विद्यार्थी ज्या गाण्यावर चिठ्ठी लावील, त्यावर निवृत्तीला टेकलेला मुख्याध्यापक लावणार नाही. आणि तो विद्यार्थी मुख्याध्यापक झाला की स्वतःचीच चिठ्ठी काढून दुसरीकडे लावील. त्यात अप्रामाणिकपणा काही नाही.

याच सिद्धान्तातून आणखी एक गमतीदार पेच निघतो. ‘स्वर आले दुरुनी’ हे फडक्यांच्या आवाजातले गीत लिहिले यशवंत देवांनी, पण त्याची चाल प्रभाकर जोग यांची. देवांच्या भक्ताने ते आपल्या यादीत घ्यावे की न घ्यावे? संगीतकार म्हणून देवांवर प्रेम करणारा म्हणेल, हे जोगांचे. परंतु शब्द राजा असेल, तर हे गाणे देवांचेच ठरते आणि मग ‘या जन्मावर’ पाडगावकरांचे ठरते! गुरूचे तत्त्व काटेकोरपणे पाळावयाचे तर शिष्याला गुरूचीच बहुतेक गाणी दुसऱ्याच्या खात्यावर टाकावी लागतील. व्यवहारात असे कोणी करत नाही, आणि ते ठीकच आहे. शब्दप्रधान म्हणताना देवांनी चालीला कमी लेखले नव्हते. शब्दाला वाट मोकळी करून देणे हे चालीचे सर्वांत अवघड काम आहे, असे त्यांना म्हणावयाचे होते, हे त्यांची गाणी ऐकूनच कळते. पेच अगदीच नको असेल त्याने ‘कामापुरता मामा’ या चित्रपटातील ‘जीवनात ही घडी’ हे लता मंगेशकरांचे गाणे निवडावे. तेथे शब्दही देवांचे आणि चालही देवांचीच. या युक्तीने निवड सुटते. मनाचे समाधान होते की नाही, हा भाग वेगळा.

दुसरे ठरावीक उत्तर राहिले, ‘या जन्मावर’चे. हे गाणे थोर आहे. त्याची चाल इतकी सुबोध की शाळेतील मुलांनी समूहाने म्हणावी, आणि त्यातला जगण्याचा आनंद इतका निखळ की उपहास करणाऱ्यालाही त्यापुढे थोडे ओशाळावे लागते. तथापि हे उत्तर आपले स्वतःचे आहे की कानावर वारंवार पडल्यामुळे आलेले आहे, हे भक्ताने एकदा तपासले पाहिजे.

मराठी गाण्यांच्या फर्माईशी कार्यक्रमाला आकाशवाणीने ‘आपली आवड’ असे फार सूचक नाव दिले होते. पोस्टकार्ड टाकावे, गाण्याचे नाव कळवावे आणि मग निवेदिकेच्या तोंडून आपले व आपल्या गावाचे नाव ऐकावे, हा आनंद निराळाच. पण त्या ‘आपली’ शब्दात एक खोच आहे. जी गाणी वाजतात त्यांचीच फर्माईश येते आणि जिची फर्माईश येते तीच पुन्हा वाजतात. त्याआधी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींनी हिंदी गाण्यांना पायऱ्या लावून दिल्या होत्या. आज दूरध्वनीच्या यंत्रातला गणकही हेच करतो. ज्यावर लोकांनी बोट ठेवले ते तो वर आणतो. माध्यम बदलले, रहाटगाडगे तेच राहिले.

याचा परिणाम केवळ अभिरुचीपुरता राहिला असता तर चिंता नव्हती. भावगीताचे जगणे सर्वस्वी गाणाऱ्यावर आणि मागणाऱ्यावर अवलंबून असते. चित्रपटगीताला पडद्याचा आधार, नाट्यगीताला नाटकाच्या छापील संहितेचा. भावगीत आकाशवाणीच्या फितीवर जन्मले आणि त्या काळची प्रत्येक फीत जपली गेली असे मुळीच नाही. ज्या गाण्यांची तबकडी निघाली नाही, कॅसेटमध्ये जागा मिळाली नाही आणि मैफलीत फर्माईश आली नाही, ती ऐकणाऱ्यांच्या आठवणींखेरीज कोठेही उरत नाहीत आणि ऐकणारेही आता थकत चालले आहेत. २०१५ च्या डिसेंबरात पाडगावकर गेले. २०१८ च्या मे महिन्यात अरुण दाते गेले आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला, ब्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, देव गेले. तिघांपैकी आता कोणालाही विचारता येणार नाही, की अमुक कडव्याच्या आधी सतारीचा तुकडा होता की बासरीचा.

म्हणून निवडण्यास नकार देणारा भक्त आपली निवड आयोजकाच्या हाती देतो. आणि आयोजक, बिचारा, सभागृहाचे भाडे डोळ्यांपुढे ठेवून तीच दहा गाणी घेतो. निवडतो पण सर्वांनी निवडलेलेच निवडतो, असा भक्तही त्या दहांतच भर घालतो. पेणच्या कारखान्यातली बाई यापेक्षा अधिक जाणती आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी कोणता गणपती नेला, हे ती विचारत नाही. ओळीच्या टोकाची, कोपऱ्यातली मूर्तीही ती पाहून घेते.

शताब्दीच्या निमित्ताने अलिबागच्या, पेणच्या किंवा मुरुडच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठरला, तर त्यात चौदा-पंधरा गाणी बसतील. त्यांपैकी नऊ-दहा आधीच ठरलेली असतील आणि ती ठरलेलीच असावीत. ‘या जन्मावर’ न गाता श्रोत्यांना घरी पाठवण्याचे धैर्य कोणी करू नये. उरलेल्या चार-पाच जागांसाठी मध्यंतरापूर्वी कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात आणि यादीत नसलेलेच गाणे लिहावे, एवढी एकच अट घालावी. चिठ्ठीवर नाव लिहिताना ज्याची लेखणी काही क्षण थबकेल, त्याच्या आठवणीत अशी एखादी चाल असेल जी त्या सभागृहात त्याच्याखेरीज कोणालाच येत नाही. आणि पेटीवाल्याला ती येत नसेल, तर त्याने व्यासपीठावर जाऊन स्वतः गुणगुणून दाखवावी.