मोजायचे काय, हे कोणी ठरवायचे?

अमेरिकेत बोस्टनजवळचे वोबर्न हे चामडे कमावण्याच्या धंद्यावर वाढलेले शहर. तिथल्या दोन सार्वजनिक विहिरींच्या पाण्याला वास येतो, अशी रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षे होती. पाणी पिण्यायोग्य आहे, हे अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर. ते खोटे म्हणता येत नाही, कारण नेहमीच्या तपासणीत जंतू शोधले जात. कारखान्यांतले द्रावक कोणी शोधतच नव्हते. १९७९ साली त्या विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन हे असेच एक द्रावक सापडले आणि त्या बंद झाल्या. पण त्याच्या कितीतरी आधी ल्युकेमिया झालेल्या एका मुलाच्या आईच्या लक्षात आले होते की, आपल्याच वस्तीत अशी आणखी मुले आहेत. पुढे सरकारी पाहणीत १९६९ ते १९७९ या काळात शहरभरात १२ मुले निघाली. सर्वसाधारण प्रमाणाने पाच-सहा अपेक्षित होती.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो: धास्तावलेल्या लोकांनी गोळा केलेली माहिती कलतीच असणार. हार्वर्डच्या संख्याशास्त्रज्ञांनी स्थानिक स्वयंसेवकांकरवी घरोघर फोनवरून पाहणी केली, तेव्हा हीच टीका झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. मात्र नव्वदच्या दशकात राज्याच्या आरोग्य विभागाच्या स्वतंत्र अभ्यासातही गर्भारपणात ते पाणी पिणे आणि मुलांचा आजार यांचा संबंध दिसला. रुग्णसंख्या लहान, म्हणून निष्कर्ष जपूनच घ्यायचा. तरी आजाराचे कारण सिद्ध करणे हे शास्त्रज्ञांचे काम आणि कुठे पाहायचे हे सांगणे रहिवाशांचे, अशी विभागणी इथे उघड दिसते.

आपल्याकडे नव्या प्रकल्पांच्या बाबतीत लोकांना बोलावले जाते ते दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेवटी. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची ३० दिवसांची सूचना, स्थानिक भाषेत सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, चित्रीकरण हे सगळे आहे. पण सुनावणी होते ती अहवालाच्या तयार मसुद्यावर. हवा कुठे व कोणत्या ऋतूत मोजली, कोणते आजार नोंदले, हे तोवर होऊन गेलेले असते, आणि तेही प्रकल्पवाल्यानेच पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराकडून. मग लोकांच्या हाती उरते ‘हो’ किंवा ‘नाही’. आणि ‘नाही’ म्हटले की विकासविरोधी ठरवायला सगळे मोकळे. सुरुवातीलाच विचारले तर वेळ जाईल, राजकारण शिरेल, हे खरे. ते शेवटीही शिरतेच, आणि तेव्हा मोजमापे बदलता येत नाहीत. अभ्यासाची कार्यकक्षा दिल्लीत किंवा राज्याच्या राजधानीत तज्ज्ञ समितीपुढे ठरते. ती संकेतस्थळावर टाकली जाते. गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवण्याचे बंधन त्या अधिसूचनेत नाही.