डोळ्यांनी बोलायचं, तेही मराठीत

लोहाऱ्यासारख्या गावात कुणाला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला: 'म्हणजे लकवाच ना?' नाही. लकवा मारतो तो एकाएकी. हा आजार महिनोन्‌महिने पुढे सरकत राहतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि हात, पाय, जीभ, गिळणं एकेक करून हातचं जातं. साधारण चौघांतल्या एकाची तर सुरुवातच जीभ जड होण्यापासून होते.

'आता त्यांना काही कळत नाही.' सगळ्यांत महागात पडतो तो हा समज. ऐकू येणं आणि स्पर्श कळणं शाबूत असतं, बहुतेकांची समजही. काहींच्या विचारात किंवा वागण्यात फरक पडतो, थोड्यांना स्मृतिभ्रंशाचा एक प्रकारही जडतो. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, माणूस गप्प आहे म्हणून घरच्यांनी नव्हे. कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं, तेही वेड नव्हे. भावना दाखवण्यावरचा ताबा सुटलेला असतो आणि त्यावर औषधं आहेत. मुख्य म्हणजे डोळे हलवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. बोलण्याची पुढची बहुतेक साधनं त्यांच्याच जोरावर चालतात.

'ते हॉकिंगचं यंत्र. आपल्याला कुठलं परवडायचं?' हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत गेला. जानेवारी 2001 मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले, तेव्हा अनेकांनी तो यंत्राचा आवाज प्रत्यक्ष ऐकला. यंत्र त्यांच्या मनातलं ओळखून बोलतं, अशी तेव्हापासून अनेकांची समजूत आहे. तसं काही नव्हतं. पडद्यावर अक्षरं आणि शब्द पुढे सरकत, हवं ते आलं की ते हातातली कळ दाबत. पुढे बोटंही थकली, तेव्हा गालाची हालचाल टिपणारा सेन्सर चष्म्यावर बसला. एका टप्प्यावर वेग मिनिटाला एखाद्या शब्दावर आला होता. त्यांच्यासाठी इंटेलने बनवलेली संगणकप्रणाली 2015 पासून सर्वांना फुकट खुली आहे.

नजर टिपणारी खास यंत्रं आजही महाग आहेत, आणि थेट उन्हात ती गडबडतातही. पण 'लुक टू स्पीक' हे गूगलचं मोफत ॲप साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं: डावीकडे, उजवीकडे, वर बघून वाक्य निवडायचं आणि फोन ते बोलून दाखवतो. त्यातली वाक्यं बदलता येतात, आणि ती बदलायलाच हवीत. 'कफ काढ', 'कुशीवर वळव', 'पंखा कमी कर' यांच्या जोडीला 'सोयाबीन विकलं का?' हेही हवं. आजारी माणसाला फक्त पाणीच मागायचं असतं, असं कुणी ठरवलं?

मेंदूत चिप बसवून बोलण्याच्या बातम्या खऱ्या आहेत. अमेरिकेत अशा एका रुग्णावरचा प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. त्याची वाट बघत घरातलं बोलणं थांबवू नये.

'हे सगळं इंग्रजीवाल्यांसाठी.' उलट मराठी वर्णमाला या कामाला फार सोयीची आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. म्हणजे आयता तक्ता. स्वरांची एक ओळ, य ते ज्ञ यांच्या दोन. समोरच्याने विचारायचं, 'क ची ओळ? च ची? ट ची?' हवी ती ओळ आली की रुग्ण वर बघतो. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. काना-मात्रा सहसा सोडून देता येतात. 'प' आणि 'ण' आलं की 'पाणी?' विचारायचं, नकार आला तर वाक्य 'पण' पासून सुरू होतंय, ऐकत राहायचं. याला ना वीज लागते, ना नेट. तक्ता स्पायरल बाइंडिंगच्या पारदर्शक शीटवरही लिहिता येतो. शीट दोघांच्या मध्ये धरली की नजर कुठल्या कोपऱ्याकडे गेली ते कळतं.

त्याआधी होकार-नकार पक्का करावा. साधी पापणी लवणं हा होकार धरू नका, ती सगळ्यांचीच लवते. वर बघणं म्हणजे हो, डोळे मिटून धरणं म्हणजे नाही, असं काही ठरवून ते खाटेजवळ लिहून लावावं, म्हणजे भेटायला आलेल्या पाव्हण्यालाही कळेल. 'चहा देऊ की दूध?' असं जोडून विचारलं की उत्तराचा गोंधळ होतो. एका वेळी एकच विचारावं. आणि हो, वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पुरं करू नये. ही खोड आपल्याकडे घरोघरी आहे.

'बोलणं पूर्ण थांबलं की बघू.' तेव्हा उशीर झालेला असतो. बोलता येतंय तोवरच स्पीच थेरपिस्ट गाठावा. लोहाऱ्याहून त्यासाठी सोलापूर किंवा लातूर जवळ पडतं. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. फोन मराठी वाचून दाखवतो खरा, पण तो आवाज परका असतो. म्हणून जीभ चालतेय तोवर साध्या फोनवर स्वतःच्या आवाजातली वाक्यं भरून ठेवावीत: नातवंडांना मारायची हाक, नेहमीचे टोमणे, ठेवणीतली एखादी शिवीसुद्धा. सकाळी, थकवा यायच्या आत, रोज थोडी थोडी. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करून तिला त्याच वाक्याचं नाव द्यावं, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या फोनवरही ठेवावी.